राग किती दिवस ठेवायचा? जैन परंपरेतली क्षमेची रीत

भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या सुमारास श्वेतांबर जैन घरांतून फोनवर ‘मिच्छामि दुक्कडम्’ (माझं दुष्कृत्य निष्फळ होवो) असे संदेश येऊ लागतात. दहा दिवसांनी दिगंबर घरांतून ‘उत्तम क्षमा’ येतं. हात जोडलेलं चित्र आणि खाली दोन ओळी: वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. संदेश चांगलाच आहे, तो येतो तेव्हा बरंही वाटतं. पण ज्या एका माणसाशी वर्षभर बोलणं बंद आहे, त्याचा नंबर बहुतेकदा त्या यादीत नसतो. मला वाटतं, खरं काम तिथेच राहून जातं. आणि ते कसं करायचं हे या परंपरेने इतक्या बारकाईने सांगून ठेवलंय, की जैन नसलेल्यांनाही ते उपयोगी पडावं.

सुरुवात एका अडचणीपासून करू. जैन दर्शनात पाप माफ करणारा देव नाही. कर्म ज्याने बांधलं त्यानेच ते फेडायचं, तीर्थंकरसुद्धा ते पुसून टाकू शकत नाहीत. मग दुसऱ्याची क्षमा मागून मिळतं काय? उत्तराध्ययन सूत्र या आगमाच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, 29व्या अध्ययनात हाच प्रश्न शिष्य विचारतो. त्याला मिळालेल्या उत्तरात पापक्षयाचं आश्वासन नाही. क्षमा मागितल्याने चित्त प्रसन्न होतं, त्यातून सगळ्या जीवांविषयी मैत्री येते, मैत्रीने भाव शुद्ध होतात आणि मग माणूस निर्भय होतो, असा तो क्रम आहे. शेवटी येणारी निर्भयता मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्याशी वैर आहे तो लग्नाच्या मांडवात समोर आला तर कुठे बघायचं, हा विचार जो वर्षानुवर्षं करतो त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी अडचण म्हणजे, समोरच्याने दादच दिली नाही तर? बृहत्कल्पसूत्रात भांडण झालेल्या साधूंसाठी याचं उत्तर आहे. समोरचा आदर देईल किंवा देणार नाही, उठून उभा राहील किंवा राहणार नाही, वंदन करील किंवा करणार नाही, सोबत जेवेल किंवा जेवणार नाही, शांत होईल किंवा होणार नाही. जो शांत होतो त्याची आराधना, म्हणजे धर्मसाधना, होते, जो होत नाही त्याची होत नाही. म्हणून आपण स्वतः शांत व्हायचं. ‘त्याने आधी बोलावं’ ही अट इथे मुळापासूनच काढून टाकली आहे. कल्पसूत्र आणखी एक गोष्ट सांगतं: धाकट्याने थोरल्याला खमवावं, म्हणजे त्याची क्षमा मागावी, आणि थोरल्यानेही धाकट्याला खमवावं. वयाने, मानाने मोठा म्हणून कुणाची सुटका नाही.

आता मुदतीकडे वळू, कारण या रीतीचा कणा तोच आहे.

क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, म्हणजे मन मलिन करणारे विकार. प्रत्येकाच्या सौम्यापासून तीव्रापर्यंत चार प्रती मानल्या आहेत: संज्वलन, प्रत्याख्यानावरण, अप्रत्याख्यानावरण आणि अनंतानुबंधी. क्रोधासाठी ग्रंथांनी दिलेले दाखले प्रसिद्ध आहेत. पाण्यावरची रेघ, वाळूतली रेघ, जमिनीला पडलेली भेग आणि दगडाला गेलेला तडा. श्वेतांबर कर्मग्रंथांत त्यांच्या मुदतीही दिल्या आहेत. संज्वलन राग पंधरा दिवस टिकतो, त्याच्या वरचा चार महिने, त्याच्या वरचा वर्षभर आणि अनंतानुबंधी जन्मभर. दिगंबरांचं गोम्मटसार याहून कडक आहे. तिथे संज्वलनाला मुहूर्ताच्या आतला वेळ, म्हणजे 48 मिनिटांहूनही कमी. पुढच्याला पंधरवडा, त्यापुढच्याला सहा महिने, आणि अनंतानुबंधीचा संस्कार भवाभवांपर्यंत.

प्रतिक्रमणाचं, म्हणजे झालेल्या चुका आठवून त्यांपासून मागे फिरण्याच्या विधीचं, वेळापत्रक यासमोर ठेवून पाहिलं की त्यामागचा हिशेब कळतो. संध्याकाळी देवसी, सकाळी राई, पंधरवड्याला पक्खी, चार महिन्यांनी चौमासी, वर्षाने संवत्सरी. म्हणजे रागाची प्रत चढायच्या आत त्याला गाठायची सोय. आज जे उरलं ते पक्खीला सुटावं, तिथे नाही सुटलं तर चौमासीला, आणि काही झालं तरी संवत्सरी ओलांडू नये. कारण वर्ष ओलांडून राहिलेला राग अनंतानुबंधी समजला जातो आणि अनंतानुबंधी कषाय थेट सम्यक्त्वाला, म्हणजे खऱ्या श्रद्धेलाच, अडवतो. सोप्या भाषेत, असा राग धरून ठेवणाऱ्याची पूजा, उपवास, दान सगळं चालू असलं तरी पायाच जागेवर राहत नाही. कायोत्सर्गाची, म्हणजे शरीर स्थिर ठेवून केलेल्या ध्यानाची, मापंही याच चढत्या क्रमाने आहेत: राईला 50 श्वासोच्छ्वास, देवसीला 100, पक्खीला 300, चौमासीला 500 आणि संवत्सरीला 1008. लोगस्स हे तीर्थंकरांच्या स्तुतीचं सूत्र एका ठरावीक ओळीपर्यंत म्हटलं की 25 श्वास धरतात. म्हणून संवत्सरीला चाळीस लोगस्स आणि वर एक नवकार. साठलेलं जितकं जुनं, तितका वेळ शरीर स्थिर ठेवून त्याच्यासमोर उभं राहायचं.

सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकरी जैन घरांत हे पाहायला ग्रंथ उघडावा लागत नाही. बांध एका सरीने सरकला, त्यावरून दोन भावांत बाचाबाची झाली. त्या रात्री किंवा त्या पंधरवड्यात कुणी मध्ये पडलं तर मोजणी करून, खुणेचा दगड पुन्हा रोवून विषय मिटतो. चार महिने गेले की बायका-मुलांचं जाणं-येणं थांबतं. वर्ष झालं की सणाला ताट जात नाही. त्यानंतर एक दिवस मुलाला सांगितलं जातं, ‘त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही.’ ज्या मुलाने तो बांध पाहिलेलासुद्धा नाही, त्याच्याकडे राग वारशाने जातो. ‘भवाभवांपर्यंत’ या शब्दाबद्दल ज्याला शंका असेल त्याने एवढं एकच घर बघावं.

म्हणून स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न ‘मी क्षमा करू शकतो का’ हा नव्हे. आधी तारीख काढायची. हा राग कधीचा? मागच्या भाद्रपदाआधीचा असेल तर बाकी सगळी कामं बाजूला ठेवावीत. गेल्या पंधरवड्यातला असेल तर तो अजून हातात आहे, आजच जावं.

दिगंबरांच्या दशलक्षण पर्वातला क्रमही मला फार विचारपूर्वक लावलेला वाटतो. भाद्रपद शुद्ध पंचमीला पहिला दिवस उत्तम क्षमेचा. मग मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम, तप, त्याग, आकिंचन्य आणि अनंत चतुर्दशीला ब्रह्मचर्य. त्यानंतर वद्य प्रतिपदेला क्षमावणी. क्षमा करायची ती पहिल्या दिवशी, मागायची ती सगळ्यात शेवटी. मधले दिवस काय करतात? मार्दव म्हणजे अहंकार मऊ होणं, आर्जव म्हणजे मनात एक आणि तोंडावर एक असं नसणं. ही दोन नसतील तर मागितलेली क्षमा ताठ मानेची असते किंवा लबाडीची. क्षमा करणं हे बरंचसं आपल्याच मनात होतं, मागायला मात्र दुसऱ्याच्या दारात जावं लागतं आणि त्याला तयारी लागते. थेट क्षमावणीच्या दिवशी ‘उत्तम क्षमा’ म्हणायला निघालेल्यांनी मधले नऊ दिवस वगळलेले असतात, हे थोडं कठोर वाटेल, पण माझं मत असंच आहे.

तोंडदेखल्या माफीवर आवश्यकसूत्राच्या टीकापरंपरेत एका कुंभाराची गोष्ट येते. कुंभाराच्या अंगणात साधू उतरले होते. त्यांच्यातला एक बालसाधू खडे मारून मडक्यांना भोकं पाडू लागला. कुंभाराने हटकलं तर म्हणाला, ‘मिच्छामि दुक्कडम्.’ कुंभाराने पाठ वळवली की पुन्हा खडा, पुन्हा भोक, पुन्हा ‘मिच्छामि दुक्कडम्’. शेवटी कुंभाराने खडा घेतला, त्या पोराच्या कानाच्या पाळीवर धरून पिळला आणि म्हणाला, ‘मिच्छामि दुक्कडम्.’ पोर कळवळलं. कुंभाराने पुन्हा पिळलं आणि पुन्हा तेच शब्द म्हटले. पुढचा खडा न मारण्याचा निश्चय नसेल तर त्या शब्दांचं मोल काय, हे त्या साधूला तेव्हा कळलं. परंपरेने ही गोष्ट साधूच्याच तोंडावर मारून ठेवली आहे, याचं मला कौतुक वाटतं.

आता मागण्याची रीत. आलोचना म्हणजे झालेली चूक योग्य माणसासमोर उघड सांगणं. तिचे दहा दोष दिगंबर आणि श्वेतांबर दोघांच्याही ग्रंथांत आहेत. आपण माफी मागताना कुठे-कुठे पळवाट काढतो, याची इतकी नेमकी नोंद मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आकंपित: आधी सेवा करून, काहीतरी देऊन समोरच्याला विरघळवायचं, म्हणजे प्रायश्चित्त हलकं मिळेल. मिठाईचा पुडा पुढे करून मग विषय काढणं हे यातलंच. अनुमानित: आपण किती अशक्त, किती त्रासात आहोत हे आधी सांगून सवलतीचा अंदाज घ्यायचा. ‘तेव्हा माझी तब्येतच बरी नव्हती’ इथून सुरू झालेली माफी बहुधा या खात्यात जमा होते. दृष्ट: लोकांनी पाहिली तेवढीच चूक कबूल करायची. बादर: मोठी सांगायची, बारीकसारीक गाळायच्या. सूक्ष्म हा त्याच्या उलट आणि त्याहून घातक: किरकोळ चुका इतक्या तपशिलाने सांगायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, एवढंही न लपवणारा माणूस मोठं काय लपवणार! भाच्याच्या बारशाला आलो नाही याची चार वेळा माफी मागणारा मामा बहिणीची सही कशी घेतली ते बोलत नाही, तेव्हा हा दोष घडत असतो.

छन्न: पुटपुटत, आडवळणाने सांगायचं, ऐकणाऱ्याला कळू नये अशा बेताने. शब्दाकुल: गोंगाटात सांगायचं. सामूहिक प्रतिक्रमणाच्या गर्दीत, सगळे एकदम बोलत असताना उरकलेली खमतखामणा, म्हणजे परस्परांची क्षमायाचना, इथे बसते, आणि तीनशे जणांना एकदम धाडलेला संदेशही माझ्या मते इथेच बसतो. बहुजन: एकाने सांगितलेलं प्रायश्चित्त पटलं नाही म्हणून दुसऱ्याला, तिसऱ्याला विचारत फिरायचं, कुणीतरी ‘तुझं काही चुकलं नाही’ म्हणेपर्यंत. अव्यक्त: ज्याला काही कळत नाही अशाला गाठून सांगायचं. आणि तत्सेवी: जो स्वतः तीच चूक करतो त्याच्यापाशी मन मोकळं करायचं, कारण तो रागावणार नाही याची खात्री असते.

ऐकणारा कसा असावा, तेही सांगितलंय. आचार्याच्या गुणांत एक आहे अपरिस्रावी. म्हणजे त्याच्यात टाकलेलं बाहेर झिरपत नाही. घरात मध्यस्थ निवडताना हा एक गुण तपासला तरी पुष्कळ अनर्थ टळतील. वयाने मोठा, बोलायला गोड, पण संध्याकाळपर्यंत चार घरांत बातमी पोचवणारा मध्यस्थ जुनं भांडण नवं करून ठेवतो.

प्रत्यक्ष बोलताना चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, चुकीचं नाव घ्यावं. ‘काही चुकलं असेल तर’ या वाक्यात चूक समोरच्याने शोधायची असते. ‘वाटणीच्या वेळी विहिरीचा हिस्सा मी मुद्दाम कागदावर येऊ दिला नाही’ या वाक्यात ती मी पुढे ठेवतो. दुसरी, त्याच दमात कारण सांगू नये. कारण खरं असलं तरी नंतर, आणि विचारलं तरच. तिसरी, उत्तराची घाई करू नये. सांगून झालं की थांबावं, पाण्याचा पेला संपवावा आणि निघावं. ‘मग आता मनात काही नाही ना?’ असं विचारणं म्हणजे आपलं ओझं हलकं करून घेण्यासाठी त्याला हुकूम सोडणं.

चौथी गोष्ट, घेतलेलं परत करणं, आणि इथे व्रतांच्या अतिचारांची, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांची, यादी कामाला येते. सत्याणुव्रताचा एक अतिचार आहे न्यासापहार. कुणी ठेव ठेवली, नंतर तो आकडा विसरला आणि कमी मागू लागला. त्यावर ‘हो, एवढंच होतं’ म्हणून तेवढंच द्यायचं. खोटं बोलल्यासारखं वाटतही नाही, कारण आकडा त्यानेच सांगितला! अचौर्यव्रतात हीनाधिकमानोन्मान आहे: घेताना जड माप, देताना हलकं. ही पापं क्षमा मागून फिटण्यातली नव्हेत. आधी रक्कम द्यायची, मग शब्द बोलायचे. शेत, दागिना, घराचा हिस्सा आपल्याकडे ठेवून घेतलेला माणूस दरवर्षी पाया पडायला येतो तेव्हा क्षमा देणाऱ्याची फार कोंडी होते. क्षमा नाकारली तर तोच वाईट ठरतो.

क्षमा मागायला कुणी कुणाकडे जायचं, यासाठी उपासकदशांग या आगमातला आनंद श्रावकाचा प्रसंग पुरेसा आहे. आनंद हा वाणिज्यग्रामचा गृहस्थ, शेवटचं, आमरण उपवासाचं व्रत घेऊन पडून होता. त्याने महावीरांचे गणधर, म्हणजे प्रमुख शिष्य, गौतम यांना सांगितलं की मला अमुक मर्यादेपर्यंत अवधिज्ञान, म्हणजे इंद्रियांशिवाय दूरचं जाणण्याची शक्ती, झालंय. गौतम म्हणाले, गृहस्थाला इतकं ज्ञान होत नाही, तू या बोलण्याची आलोचना कर. आनंदाने नम्रपणे विचारलं, खरं बोलल्याचीही आलोचना करावी लागते का? गौतम गोंधळले, महावीरांकडे गेले. महावीरांनी सांगितलं, आनंदाचं खरं आहे, आलोचना तुम्ही करा आणि जाऊन त्याला खमवा. महावीरांचा पट्टशिष्य, हजारो साधूंचा अग्रणी, एका गृहस्थाच्या अंथरुणापाशी गेला आणि क्षमा मागून आला. पोराची, सुनेची, हाताखालच्या माणसाची क्षमा मागताना ज्यांचा पाय अडतो त्यांनी ही कथा वाचावी.

क्षमा करणाऱ्याच्या बाजूची कथा उदायन राजाची. उज्जैनच्या चंडप्रद्योताने त्याची दासी आणि देवाची मूर्ती पळवली. उदायनाने चढाई करून त्याला पकडलं आणि कपाळावर ‘दासीपती’ असा डाग दिला. परतताना पावसाळा लागला म्हणून दशपूरला, म्हणजे आजच्या मंदसौरला, तळ पडला. पर्युषण या क्षमेच्या पर्वाच्या दिवशी राजाचा उपवास होता, म्हणून आचाऱ्याने कैद्याला वेगळं विचारलं, आपल्यासाठी काय करू? प्रद्योताला विषाची शंका आली. तो म्हणाला, मीही श्रावकच आहे, माझाही उपवास. उदायनाला हे कळलं तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं: हा धूर्त आहे हे मी जाणतो, पण हा बांधलेला असेपर्यंत माझं पर्युषण शुद्ध होत नाही. त्याने प्रद्योताला सोडलं, राज्य परत दिलं आणि कपाळावरचा डाग झाकायला सोन्याचा पट्टा बांधला.

क्षमा करण्याआधी समोरचा खरा आहे का हे आपण तपासत बसतो. उदायनाने तपासलं, खोटा निघाला, तरीही सोडलं, कारण हिशेब स्वतःच्या शुद्धीचा होता. आणि सोन्याचा पट्टा म्हणजे क्षमा केल्यावर आपणच दिलेला डाग चारचौघांत झाकायची जबाबदारी. ‘मी माफ केलं, पण काय केलं होतं ते सगळ्यांना माहीत असू दे’ म्हणणाऱ्याने डाग उघडा ठेवलेला असतो.

म्हणजे ज्याने मारझोड केली, फसवलं, जो आजही तसाच वागतोय, त्याला पुन्हा घरात घ्यायचं का? नाही. हा प्रश्न टाळून क्षमेवर लिहिणं मला अन्यायाचं वाटतं, कारण ‘माफ कर आणि नांदायला जा’ हे कित्येक बायकांना धर्माच्या नावाखाली ऐकवलं जातं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात चार भावना सांगितल्या आहेत: सर्व जीवांशी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी करुणा, आणि जो ऐकण्या-सुधारण्याच्या पलीकडे आहे त्याच्याविषयी माध्यस्थ्य. म्हणजे द्वेष नाही आणि लगटही नाही. त्याचं वाईट चिंतायचं नाही, त्याच्या हाती पुन्हा आपला गळाही द्यायचा नाही. गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. त्यातली ठरवून केलेली संकल्पी हिंसा सोडायची, स्वतःच्या किंवा आश्रितांच्या रक्षणासाठी कराव्या लागणाऱ्या विरोधी हिंसेपासून गृहस्थ पूर्ण सुटू शकत नाही, हे शास्त्राने मान्य केलंय. तेव्हा पोलिसांत तक्रार देणं, वेगळं राहणं, हक्काच्या पैशासाठी दावा लावणं आणि मनातून क्षमा करणं ही एकाच वेळी करता येतात. बघायचं इतकंच, की दावा हक्कासाठी चाललाय की त्याला रडताना बघण्यासाठी.

राहिला सगळ्यात अवघड भाग, स्वतःला क्षमा करण्याचा.

इथे दोन टोकं आहेत. एक तर माणूस स्वतःला फार स्वस्तात सोडतो, नाहीतर जन्मभर स्वतःला कोरडे मारत बसतो. दुसऱ्या टोकाला आपण अनेकदा पापभीरूपणा समजून मान देतो. तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय तसा मान देत नाही. दुःख, शोक, ताप, आक्रंदन, वध, परिदेवन ही स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दिली तरी असातावेदनीय, म्हणजे दुःख भोगायला लावणारं, कर्मच बांधलं जातं, असं तिथे स्पष्ट आहे. स्वतःला पिडणं आणि दुसऱ्याला पिडणं एकाच ओळीत. म्हणजे वीस वर्षं ‘मीच आईला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही’ म्हणत जळणारा माणूस जुनं फेडत नसतो, नवं जोडत असतो.

पश्चात्तापाला मात्र ठरलेली जागा आहे. सामायिकाच्या, म्हणजे समभावाच्या साधनेच्या, पाठात तीन क्रिया ओळीने येतात: स्वतःच्या मनाच्या साक्षीने निंदा, गुरूच्या साक्षीने गर्हा, आणि मग ज्या ‘मी’ने ते केलं त्याला सोडून देणं. निंदेवरच थांबलं तर माणूस आतल्या आत कुजतो, कारण चूक कुणाला सांगितलेलीच नसते. गर्हेपर्यंत गेलेल्याला ऐकणारा भेटतो, प्रायश्चित्त मिळतं आणि प्रायश्चित्ताला शेवट असतो. इतके उपवास, इतके दिवस, की झालं. स्वतःच स्वतःला दिलेल्या शिक्षेला शेवट नसतो, हाच तिचा मोठा दोष.

त्याआधी एक काम करावं: आपला वाटा नेमका मोजावा. याचं कोष्टक तयार आहे. कृतीचे तीन टप्पे, म्हणजे मनात ठरवणं, साधनं जुळवणं, प्रत्यक्ष करणं. ते मनाने, वाणीने की कायेने. स्वतः केलं, करवलं की नुसतं अनुमोदन दिलं. आणि मुळाशी क्रोध होता, मान, माया की लोभ. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, असे 108 प्रकार होतात. कागद घेऊन आपली चूक या कोष्टकात बसवून पाहिली की दोन गोष्टी दिसतात. जिथे ‘मी काही केलंच नाही’ म्हणत होतो तिथे अनुमोदन निघतं. नणंदेला घरात बोललं जात असताना मान हलवलेली असते. आणि जिथे ‘सगळं माझ्यामुळेच झालं’ म्हणत होतो तिथे पुष्कळसं आपलं नसतंच. आईला उशिरा नेलं त्यात ठरवणं नव्हतं, लोभ नव्हता, कदाचित फक्त न कळणं होतं. जे आपलं नाही त्याचं प्रायश्चित्त घ्यायला कुणी सांगितलेलं नाही.

आणि जे खरोखर आपलंच आहे, भयंकर आहे, भरून येण्यासारखं नाही त्याचं काय? त्यासाठी अंतकृद्दशांग या आगमातला अर्जुनमाळी आहे. राजगृहाचा हा माळी. सहा गुंडांनी त्याला बांधून त्याच्यासमोर त्याच्या बायकोवर, बंधुमतीवर, अत्याचार केला. यक्षाने झपाटलेल्या अर्जुनाने त्या सहा जणांना आणि बंधुमतीलाही मारलं, आणि पुढे रोज सहा पुरुष आणि एक स्त्री मारत सुटला. सुदर्शन नावाचा श्रावक न पळता कायोत्सर्गात उभा राहिला तेव्हा यक्ष निघून गेला. अर्जुन शुद्धीवर आला, महावीरांकडे गेला आणि त्याने दीक्षा घेतली.

त्यानंतर तो रानात निघून गेला नाही. दोन-दोन दिवसांचे उपवास करायचा आणि पारण्याला त्याच राजगृहात भिक्षेला जायचा, जिथे घराघरात त्याने मारलेल्यांचे नातलग होते. कुणी म्हणे, याने माझा बाप मारला, कुणी म्हणे बहीण, कुणी सून. शिव्या पडत, मार पडे. कधी अन्न मिळे तर पाणी नसे, पाणी मिळे तर अन्न नसे. ‘मला यक्षाने झपाटलं होतं’ हे खरं असूनही त्याने एकदाही पुढे केलं नाही, आणि ‘मी जगायच्या लायकीचा नाही’ असंही तो म्हणाला नाही. लोकांचा राग समभावाने घेतला. सहा महिन्यांच्या साधनेने तो मुक्त झाला, असं आगम सांगतं. त्याला क्षमा करण्याचं बंधन मात्र राजगृहाच्या लोकांवर कुणी घातलं नाही. पर्युषणात स्थानकवासी, म्हणजे मूर्तिपूजा न मानणाऱ्या श्वेतांबर, परंपरेत हा आगम दरवर्षी वाचला जातो.

सामान्य चुकांसाठी इतकं लागत नाही, प्रत्याख्यान लागतं. म्हणजे पुढचा खडा न मारण्याचा नेम. दिगंबर आचार्य समंतभद्रांनी त्यागाचे दोन प्रकार केले आहेत: यम जन्मभराचा, नियम ठरावीक काळाचा. स्वतःवरचा विश्वास उडालेल्या माणसाने नियमापासून सुरुवात करावी. ‘यापुढे कधीच रागावणार नाही’ हे चार दिवसांत मोडतं आणि त्याचीच नवी टोचणी लागते. ‘चातुर्मास संपेपर्यंत जेवताना मुलाच्या मार्कांचा विषय काढणार नाही’ हे पाळता येतं. मुदत संपली की पाहायचं, मोडलं असेल तर किती वेळा, आणि पुन्हा घ्यायचं.

आणि ज्याची क्षमा मागायची तो माणूसच राहिला नसेल तर? ‘खामेमि सव्व जीवे’ या गाथेत सगळे जीव येतात, आणि जीव मरत नाही अशी श्रद्धा असल्याने मेलेल्यालाही खमवता येतं. पण मी म्हणेन, एवढ्यावर थांबू नये. अपरिस्रावी असा कुणी गाठून चूक नाव घेऊन सांगावी, म्हणजे ती निंदेत अडकून राहत नाही. त्याचं काही देणं असेल तर ते त्याच्या वारसांना द्यावं, त्यांना आकडा माहीत नसला तरी पूर्ण द्यावं. त्याच्या मुलांशी बोलणं बंद असेल तर ते आधी सुरू करावं. येत्या भाद्रपदाची वाट बघायची गरज नाही, पक्खी दर पंधरवड्याला असतेच.